पहिल्या मजल्याच्या खाली

ऐरोलीतल्या त्या सोसायटीत क्रिकेटचे नियम पोरांनी स्वतःच केलेले होते आणि ते मोडायची कुणाची टाप नव्हती. एक टप्पा एका हातात आला की आउट. पाण्याच्या टाकीला बॉल लागला की दोन रन. आणि बॉल पहिल्या मजल्यावरच्या गॅलरीत गेला की आउट तर आउटच, वर त्या दिवसापुरता खेळही बंद. कारण पहिल्या मजल्यावर सामंतकाका राहायचे.

दिनानाथ सामंत सोसायटीचे सेक्रेटरी. दिवसभर मंत्रालयात कारकुनी आणि संध्याकाळी गॅलरीत पहारा. माणूस ओरडायचा नाही, शिव्या द्यायचा नाही. गॅलरीत आलेला बॉल शांतपणे उचलायचा, लेंग्याला पुसायचा आणि घरात घेऊन जायचा. तो बॉल पुन्हा कुणाच्या नजरेला पडला नाही. सामंतकाका ते बॉल गादीत भरतात अशी पोरांमध्ये एक अफवा होती, आणि तिच्यावर विश्वास ठेवणारे बरेच होते.

याच कंपाउंडात दीक्षा भगवान कासारे क्रिकेट शिकली. तीच ती, पुढे भारताकडून खेळली ती.

नव्वद साली कासारे ऐरोलीत राहायला आले तेव्हा दीक्षा दहा वर्षांची होती. भगवान रबाळ्याच्या एका कारखान्यात फिटर. मूळ गाव माणगावकडचं, आणि तिथे त्यांची वाडी गावाबाहेर होती, विहीरही वेगळी. सिडकोच्या सोडतीत तळमजल्यावरचं घर लागलं तेव्हा भगवान किल्ली हातात धरून कितीतरी वेळ नुसता दारात उभा राहिला. मग त्यानं दोन्ही पोरांना समोर बसवलं आणि एकदाच बजावलं, "इथं सगळे एका जिन्यानं वर जातात, एका नळाचं पानी पितात. मस्ती करा, खेळा. पन आपल्या दाराकडं कोनाचं बोट नको."

दीक्षाचा मोठा भाऊ सौरभ. एका संध्याकाळी त्याच्या टीममध्ये एक जण कमी पडला म्हणून त्यानं बहिणीला नाइलाजानं घेतलं. घेतलं आणि फसला. पोरगी आउटच होईना. अंधार पडला, आया हाका मारून थकल्या, तरी ही बॅट सोडायला तयार नाही. "उद्या परत हिच्यापासूनच चालू," असं पोरांनी ठरवलं, तेव्हा कुठे ती जेवायला घरी गेली. त्या दिवसापासून टीम पाडताना पहिलं बोट दीक्षावर पडायला लागलं.

आणि मग मे महिन्यातली ती दुपार आली. दीक्षा अकरा वर्षांची. निशांत सामंतनं, म्हणजे काकांच्याच मुलानं, बॉल असा टाकला की बॅट आपोआप फिरावी. तिची फिरली. काय फटका बसला तो! हाताला काही लागलंसुद्धा नाही, नुसता आवाज झाला आणि बॉल वर, वर, आंब्याच्या रोपाच्या वरून, दिव्याच्या खांबाच्या वरून गेला. दीक्षाचा जीव त्या बॉलबरोबर वर गेला. इतकं छान तिला आयुष्यात कधी वाटलं नव्हतं. आणि मग वरून फुटल्याचा आवाज आला. सामंतांच्या वैशालीकाकूंनी उन्हात ठेवलेली लोणच्याची बरणी.

काकू बाहेर आल्या, गॅलरीभर पसरलेलं लोणचं पाहिलं आणि चक्क हसल्या. "अगं, जाऊ दे, जुनी होती बरणी," म्हणाल्या. सामंतकाका कामावर होते. प्रकरण तिथेच मिटायला हरकत नव्हती.

पण संध्याकाळी भगवान शिफ्टवरून आला, ऐकलं, आणि अंगावरच्या तेलकट कपड्यांतच परत बाहेर पडला. येताना त्याच्या हातात नवीकोरी बरणी होती. तो पहिल्या मजल्यावर गेला. दीक्षा त्याच्या मागोमाग निघाली आणि अर्ध्या जिन्यात थांबली. तिथून तिला सामंतांचं दार दिसत होतं. भगवाननं बरणी उंबऱ्यावर ठेवली, दोन पावलं मागे सरकला आणि हात जोडले.

"परत होनार नाय, वहिनी. लहान हाय ती."

"अहो, हे कशाला आणलंत? आत या ना, चहा घ्या," काकू म्हणाल्या.

तो आत गेला नाही. जोडलेले हात खाली आले नाहीत. कारखान्यात एकट्यानं मोटार उचलणारा बाप तिथे इतका लहान होऊन उभा होता की दीक्षाला बघवेना. घरी आल्यावर तो तिला एका शब्दानं बोलला नाही. बोलला असता, दोन रट्टे दिले असते तर बरं झालं असतं. त्या रात्री तिनं कानाला खडा लावला आणि त्यानंतर दीक्षा कासारेचा बॉल कधी वर गेला नाही.

आता गंमत पाहा. वर मारायचं नाही म्हटल्यावर उरतं काय? जमीन. मग ही पोरगी जमिनीवरून बॉल काढायला शिकली, आणि अशी शिकली की बघणाऱ्यानं तोंडात बोट घालावं. स्कूटर आणि टाकी यांच्या मधून, दोघा फिल्डरांच्या मधून, झोपलेल्या कुत्र्याला वळसा घालून. बॅट सरळ, डोकं खाली, बॉल गवताला चिकटून. पंधराव्या वर्षी ती ठाण्याच्या मैदानावर मुलींच्या सरावाला गेली, तेव्हा कोच गीतांजली मॅडमनी तिला तासभर खेळू दिलं आणि शेवटी फक्त विचारलं, "कुठे शिकलीस गं?"

"कंपाउंडात," दीक्षा म्हणाली.

पुढची गाडी जी सुटली ती थांबेना. ठाणे-बेलापूर रस्त्यावरच्या बसमध्ये किटबॅग मांडीवर घेऊन ती रोज जायची, कारखान्यांच्या वासातून. मुंबईची टीम झाली. अठराव्या वर्षी खेळाडू म्हणून रेल्वेत नोकरी लागली, आणि त्याच वर्षी भारताच्या संघात नाव आलं! पेपरात बातमी एवढीशी, जाहिरातींच्या खाली. पण वैशालीकाकूंनी ती कापून सोसायटीच्या फळ्यावर लावली, पाण्याच्या वेळापत्रकाच्या शेजारी. जाईबाई, दीक्षाची आई, दिवसातून चार वेळा कचरा टाकायच्या निमित्तानं खाली यायची आणि फळ्यापाशी थांबायची. तिला वाचता येत नव्हतं, पण लेकीचं नाव कुठल्या ओळीत आहे ते सौरभनं दाखवून ठेवलं होतं.

भारताकडून दीक्षा खेळत होती आणि टिकत होती. टीममधल्या मुली चिडवायच्या, हिचा बॉल गवताला इस्त्री करत जातो. पण पन्नास ओव्हरच्या सामन्यात नुसतं टिकून भागत नाही. समोरच्या संघांनाही डोळे होते. ही वर मारतच नाही हे एकदा कळल्यावर त्यांनी जमिनीवरचे रस्ते अडवायला सुरुवात केली. दीक्षाचे तडाखेबंद फटके थेट फिल्डरच्या हातात जायला लागले. ती आउट होत नव्हती आणि रनही होत नव्हते.

नव्व्याण्णवच्या जानेवारीत एक परदेशी संघ आला. कुठला ते सांगत नाही, पाहुणे होते बिचारे. शेवटचा सामना ठाण्याला होता आणि त्यानंतर बाहेरच्या दौऱ्यासाठी संघ निवडला जाणार होता. गीतांजली मॅडम स्पष्ट बोलायच्या. "दीक्षा, निवड समितीचं म्हणणं एकच आहे. वरून मारता येत नसेल तर तुझी जागा दुसरीला. हा सामना शेवटचा समज."

दीक्षानं नेटमध्ये जीव तोडून प्रयत्न केला. मॅडम हातानं सोपे बॉल टाकत होत्या, टाकत राहिल्या. दर वेळी बॅट वर जायची, जोरात खाली यायची आणि ऐन क्षणी मनगट वळायचं. बॉल जमिनीवर.

"हाताला दुखतंय का?"

"नाही मॅडम."

"मग?"

दीक्षाला तरी कुठे नीट माहीत होतं?

त्या रविवारी मॅडम न सांगता ऐरोलीला आल्या. कंपाउंडात पोरं खेळत होती. एका पोराचा बॉल सामंतांच्या गॅलरीत गेला आणि सगळे "आउट, आउट" करत पायऱ्यांवर जाऊन बसले. मॅडमना हसू आवरेना. चहा घेता घेता त्या भगवानला म्हणाल्या, "आज कळलं मला. तुमच्या या कंपाउंडनंच मुलीला घडवलं आणि यानंच अडवलं. काचांची भीती बसलीय तिला."

"व्हय," भगवान म्हणाला. मॅडम गेल्या तरी तो कप हातात धरून बसून राहिला. काचांचं काही नव्हतं, हे त्याला ठाऊक होतं. जिन्यात अर्ध्यावर उभी असलेली फ्रॉकमधली पोरगी त्यानं त्या संध्याकाळी पाहिली होती.

सामन्याच्या दिवशी अख्खी सोसायटी ठाण्याला! टीव्हीवर बायकांचा सामना कोण दाखवणार, म्हणून भगवानच्या कंपनीची बस मागून घेतली. ती मागायला सामंतकाका स्वतः रबाळ्याला गेले होते. मैदानावरही त्यांनी आपलं सेक्रेटरीपण सोडलं नाही. वशिला लावून पॅव्हेलियनच्या पहिल्या मजल्यावर कठड्यालगतच्या खुर्च्या मिळवल्या. "वरून सगळं दिसतं. मला अनुभव आहे," असं म्हणाले आणि स्वतःच हसले. शेजारी भगवान, त्याच्या पलीकडे जाईबाई डब्यात चपात्या घेऊन.

पाहुण्यांनी चांगल्या धावा केल्या. आपल्याकडच्या एकेक करून परतायला लागल्या आणि दीक्षा मात्र एका टोकाला खुंटा ठोकून उभी. दुपार कलली. शेवटची ओव्हर उजाडली तेव्हा पहिल्या मजल्यावर कुणी खुर्चीत बसलेलं नव्हतं. जाईबाईनं डोळे मिटून घेतले होते आणि सौरभ तिला प्रत्येक बॉल कानात सांगत होता.

तीन बॉल, चार रन.

गोलंदाजानं पुढ्यात टाकला. दीक्षानं सणसणीत मारला. जमिनीवरून, थेट मिडऑनच्या हातात. रन नाही. "अगं वरून!" पॅव्हेलियनच्या पायरीवरून मॅडम ओरडल्या. पुढचा बॉल तसाच, मारण्यासाठीच टाकल्यासारखा. दीक्षानं बॅट उगारली, मनगट वळलं, बॉल गवताला इस्त्री करत कव्हरच्या हातात. रन नाही. वैशालीकाकूंनी कपाळावर हात मारला.

एक बॉल, चार रन. पाहुण्यांची कॅप्टन हसत हसत फिल्डर हलवत होती. समोर, कव्हरला, मिडविकेटला सगळीकडे जमिनीवरची वाट बंद. आभाळ तेवढं मोकळं होतं. दीक्षानं हेल्मेट काढलं, घाम पुसला, परत घातलं. ही बॅट खाली ठेवली की उद्यापासून संघात आपण नाही, हे तिला स्वच्छ दिसत होतं. मैदान एकदम गप्प झालं.

आणि त्या शांततेत पहिल्या मजल्यावरून कुणीतरी गरजलं.

"दीक्षे! वर मार!"

ऐरोलीत इतक्या वर्षांत भगवान कासारेचा चढलेला आवाज कुणी ऐकला नव्हता. तो कठड्यावर अर्धा वाकला होता आणि त्याच्या मानेच्या शिरा तटतटल्या होत्या.

"वर मार गं! फुटू दे काय फुटायचं ते! मी हाय ना!"

सामंतकाका क्षणभर त्याच्याकडे बघत राहिले. मग त्यांनीही दोन्ही हातांचा कर्णा केला. "इकडे टाक! इकडेच टाक, दीक्षा!"

गोलंदाज धावत आली. बॉल पुढ्यात पडला. बॅट वर गेली, खाली आली, आणि या वेळी मनगट वळलं नाही. हाताला काही लागलंच नाही, फक्त आवाज झाला. मिडऑनची मुलगी मान वर करून बघत राहिली. बॉल तिच्या डोक्यावरून, रेषेवरून, खालच्या पायऱ्यांवरून वर चढत गेला आणि पहिल्या मजल्यावर सामंतकाकांच्या पोटावर आदळून त्यांच्या हातात बसला.

मैदानात एकच कल्लोळ उडाला. टीममधल्या मुली किंचाळत धावत सुटल्या. पण दीक्षानं काय केलं? बॉल पहिल्या मजल्यावर गेलेला तिनं पाहिला, तो सामंतकाकांच्या हातात पाहिला, आणि बॅट काखेत मारून, मान खाली घालून ती मुकाट्यानं चालायला लागली. खेळ बंद. आता बाबा तेलकट कपड्यांत वर जाणार.

पाच-सहा पावलं गेल्यावर तिला काहीतरी चुकल्यासारखं वाटलं. तिनं भीत भीत वर पाहिलं.

सामंतकाकांनी बॉल लेंग्याला पुसावा तसा पँटला पुसला, आणि मग आयुष्यात पहिल्यांदा तो खाली मैदानात परत फेकला. त्यांच्या शेजारी भगवान उभा होता. त्यानं दोन्ही हात डोक्याच्या वर, जेवढे जातील तेवढे उंच केले होते, आणि ते तो खाली घेत नव्हता.