मुळ्याच्या चकत्या आणि चमचाभर साखर

मोहन्याला जायचं ठरलं ते एका पोस्टकार्डामुळे. सुधामावशीनं लिहिलं होतं, ‘रविवारी ये. येताना तुझं इंग्रजी घेऊन ये.’ ही गोष्ट सत्त्याऐंशी-अठ्ठ्याऐंशीच्या सुमाराची. मी तेव्हा डोंबिवलीत राहून इंग्रजीत एम.ए. करत होते. पेपर झकास लिहायचे, पण बोलायची वेळ आली की तोंडाला कुलूप. हे मावशीला कोण सांगणार? घरात तिचा शब्द म्हणजे शब्द, त्यामुळे निघाले.

तुम्ही कधी त्या बाजूला गेलात तर कल्याणला गाडी बदलताना कर्जतची की कसाऱ्याची एवढं विचारून बसा. मी न विचारता ऐटीत बसले आणि कर्जतच्या बाजूच्या विठ्ठलवाडीला पोचले. परत कल्याण, मग कसाऱ्याची गाडी, शहाड आणि त्यापुढचं आंबिवली. या गोंधळात भूक लागली म्हणून कल्याणला दोन वडे खाल्ले आणि मावशीसाठी डझनभर केळी घेतली. आंबिवलीहून शेअर रिक्षानं मोहन्याला, रेयॉनच्या कारखान्याच्या कॉलनीत पोचेपर्यंत त्यातली चार चेपली होती.

मावशीनं पाणीसुद्धा विचारलं नाही. थेट शेजारच्या दाराकडे बोट केलं. तिथं हारुको राहायची. तिचा नवरा कारखान्यात नवं मशीन बसवायला जपानहून वर्षभरासाठी आला होता आणि मंगळवारी दोघं परत निघणार होती. दोघी बायकांना एकमेकींची भाषा येत नव्हती, पण वाट्या मात्र भरभरून जायच्या-यायच्या. मावशीचं वालाचं बिरडं हारुको बोटं चाटून खायची. हारुकोनं पहिल्यांदा आणल्या त्या मुळ्याच्या खारवलेल्या आंबट चकत्या. नंतर आला गोडसर मुळा आणि शेवटी जवळजवळ पाकातलाच भोपळा. मग महिनाभर काहीच नाही. दिसली की मान लववायची आणि आत जायची.

“माझं काय चुकलं तेवढं विचार,” मावशी म्हणाली. “अशी रुसून गेली तर मला आयुष्यभर लागून राहील गं.”

मावशीला मूल नव्हतं आणि काका शिफ्टला. ती वाट्यांची ये-जा हीच तिची दुपार होती, हे मला तेव्हा तिच्या चेहऱ्यावरून कळलं.

शेजारचं दार वाजवलं. हारुको माझ्या कल्पनेपेक्षा ठेंगणी आणि वयानं मावशीएवढीच निघाली. तिचं इंग्रजी माझ्याइतकंच अडखळणारं, त्यामुळे माझी भीडच गेली. तिनं हातवारे करत सांगितलं ते असं: तिनं मुळा दिला, मावशीनं वाटी दारातच रिकामी करून परत दिली आणि आत चमचाभर साखर. म्हणजे गोड कमी पडलं. तिनं साखर वाढवली. वाटीत पुन्हा साखर. आणखी वाढवली, तरी पुन्हा साखर. शेवटी तिनं हात टेकले. आपल्याला या बाईच्या जिभेचं काही करता येत नाही, असं तिला वाटलं.

मी कपाळाला हात लावला. दुसऱ्याचं भांडं रिकामं परत करू नये, घरात काही नसेल तर साखर घालावी, हे आपण आईच्या पदराआडून शिकतो. ते कुणाला समजावून सांगावं लागतं, हे मावशीच्या गावीही नव्हतं. मी मोडक्यातोडक्या इंग्रजीत समजावलं. हारुको तोंडावर हात ठेवून खूप वेळ हसली. मग गंभीर होऊन तिनं विचारलं, मावशीला खरंच आवडलं का?

मी मागे येऊन उभ्या राहिलेल्या मावशीला विचारलं. मावशी भिडस्त, पण खोटं बोलायची नाही.

“भोपळा नाही आवडला म्हणावं. तो पहिला मुळा आवडला. तो परत का नाही आला, तेच तर मला कळत नव्हतं.”

हारुको आत गेली आणि बरणीच घेऊन आली. स्वतःच्या घरात ती मुळा रोज खारटच खात होती. आम्ही तिघींनी मावशीच्या दारापुढच्या ओट्यावर वरणभाताबरोबर तो संपवला. वास जरा उग्र, चव मात्र अशी की भात दोनदा घ्यावा लागला. मी मंगळवारपर्यंत तिथंच राहिले. सोमवारी मावशीनं पुन्हा बिरडं केलं आणि स्टीलच्या वाटीतून पाठवलं.

मंगळवारी सकाळी कंपनीची गाडी आली. दोघी एकमेकींसमोर वाकल्या, मावशीनं तिच्या हातावर दही ठेवलं, आणि गाडी फाटकाबाहेर गेली. वळून पाहिलं तर ओट्यावर आमची स्टीलची वाटी, कागदानं झाकलेली. आत चमचाभर साखर.

“शिकली बाई,” मावशी म्हणाली आणि पदर डोळ्यांना लावला.

निम्मी साखर तिनं पुडीत बांधून मला दिली. डोंबिवलीला आईनं ती चहात घातली. चहा नेहमीसारखाच लागला. पत्ता घ्यायचं कुणालाच सुचलं नव्हतं, त्यामुळे दोघींची पुन्हा कधी गाठ पडली नाही, पत्रही नाही. मी आता कुणाचं भांडं साखर घालून परत करते तेव्हा दारात थांबून कारण सांगते. मावशी मात्र अखेरपर्यंत थंडीत मुळा आला की चकत्या खारवून बघायची, आणि खाऊन झाल्यावर म्हणायची, तिच्यासारखा नाही झाला.