ओढ्यापर्यंतचा कायदा

माझा थोरला भाऊ मुंबईच्या असेंब्लीत निवडून गेला तेव्हा गावानं त्याला एक अट घातली. अधिवेशन आटोपून आला की घरी पाय धुवायच्या आधी तालमीपुढं उभं राहायचं आणि तिथं काय केलं ते सांगायचं. गाव बसणार, मेंबर उभा. बेचाळीसच्या चळवळीत भूमिगत असताना गावातली हीच माणसं गावोगावचे तंटे मिटवीत, तेव्हा ज्याच्यावर काम सोपवलेलं असे तो असाच उभा राहून जाब देई. ही रीत सोडायला कोणी तयार नव्हतं. दादाला तर ती आवडायचीच. स्टेशनापासून चालत आलेला, धोतरावर धूळ, हातात पत्र्याची पेटी, अशा अवतारात तो उभा राहायचा आणि माझी छाती अभिमानानं भरून यायची.

बायका मारुतीच्या देवळाच्या पायऱ्यांवर बसत. पुढं पुरुष, आणि त्यांच्यात सगळ्यात पुढं पलटणीतून निवृत्त झालेले एक हवालदार. उलटतपासणी तेच घ्यायचे.

"हजर किती दीस हुतास?"

"सगळं दीस."

"बोललास कशावर?"

"एकदा पाटाच्या पाण्यावर. एकदा पलटणीतनं सुटून आलेल्यांच्या जमिनीवर."

"हां. आन हात कुटं कुटं वर केलास?"

तेव्हा दादानं पहिल्यांदाच सांगितलं की तिथं दर वेळी हात वर करत नाहीत. सभापती विचारतात, होय म्हणणाऱ्यांनी होय म्हणायचं, नाही म्हणणाऱ्यांनी नाही म्हणायचं, आणि आवाज कुठला मोठा ते सभापती कानानं ठरवतात. फारच ओढाताण झाली तर नावं मोजतात. हे ऐकून तालमीपुढं हसू उसळलं. कोणीतरी म्हणालं, "मंग आमच्या तात्यालाच धाडायचा हुता की. त्येचा आवाज ह्या शिवारातनं त्या शिवारात जातोय." दादाही हसला. पण हवालदार हसले नाहीत. त्यांचा शेवटचा प्रश्न नेहमी एकच असायचा.

"गप कवा बसलास, ते सांग."

या प्रश्नाला दादा नेहमी थोडा वेळ घ्यायचा. आठवून आठवून सांगायचा की अमक्या वेळी बोलायला हवं होतं, पण पुरती माहिती नव्हती. लोकांना त्याचं हे कबूल करणं फार आवडायचं.

आता माझं सांगते. माझं लग्न झालं आणि थोड्याच दिवसांत नवरा पलटणीबरोबर युद्धावर गेला. मधल्या काळात तो रजेवर आला तो बोटांवर मोजण्याइतक्या वेळा. युद्ध संपून तो घरी आला तेव्हा सासूबाईंनी जाहीर केलं की इतकी वर्षं झाली तरी सुनेची कूस उजवली नाही. नवरा समुद्रापलीकडं असताना ती कशी उजवायची, हे त्यांना विचारायची माझी टाप नव्हती. नवरा वाईट नव्हता. आईपुढं त्याच्या तोंडातून शब्द फुटत नसे, इतकंच. इटलीत बंदुकीपुढं उभा राहिलेला माणूस चुलीपुढं गप्प बसायचा, याचा मला तेव्हा राग यायचा आणि आज हसू येतं.

सासर कुंडलच्या अंगाला, माहेरापासून बैलगाडीनं अर्ध्या दिवसाच्या वाटेवर. मध्ये एक ओढा. ओढ्याच्या अलीकडं, माहेरच्या बाजूला खालसा, म्हणजे इंग्रजांचा मुलूख. पलीकडं, सासरच्या बाजूला संस्थान, तिथं राजाचा अंमल. सोयरीक करताना हे कोणी मनात आणत नसे. जमीन किती, विहिरीला पाणी किती, घरात माणसं कशी, हे विचारत. हद्द कामाला आली ती चळवळीत. इंग्रजांचे पोलीस मागं लागले की पोरं ओढा ओलांडून जायची आणि पोलीस अलीकडं हात चोळत बसायचे. दादा कित्येकदा असाच वाचला. माझ्या सासऱ्यांनी त्याला कडब्याच्या गंजीआड ठेवून घेतलं, दोन वेळची भाकरी तिथं पोचती केली. पुढं तो मेंबर झाला तेव्हा सासऱ्यांनी बाजारात पेढे वाटले.

त्या वर्षी नागपंचमीला मी माहेरी आले आणि परत गेले नाही. सासूबाईंनी आपल्या नात्यातली एक मुलगी बघून ठेवली होती. ते मला माझ्या तोंडावर कोणी सांगितलं नव्हतं, पण पाणवठ्यावरच्या बायका माझ्याशी एकदम मायेनं बोलायला लागल्या तेव्हाच मी समजले. माहेरी येऊन मी दादाच्या पुढ्यात रडले. तो म्हणाला, "रडू नगंस. औंदा असेंब्लीत तसा कायदा येनार हाय. पयली असताना दुसरी करता यायची न्हाई."

मला ते खरं वाटेना. राजेरजवाडे, पाटील, सावकार सगळे दोन दोन करतात आणि मुंबईत बसून कोणी ते थांबवणार? पण दादा अधिवेशनाला गेला आणि मी पेपराची वाट बघायला लागले. पेपर शाळामास्तरांकडं यायचा. त्यांचा वाचून झाला की ते वहिनीच्या हातून मला पाठवत. चुलीवर भाकरी करपली तरी चालेल, पण पेपर आधी, असं त्या दिवसांत माझं झालं होतं.

दादा परत आला. तालमीपुढं त्या दिवशी कधी नव्हे इतकी गर्दी. त्यानं सांगितलं की कायदा पास झाला, आणि त्यानं होय म्हटलं, आणि नुसतं होय म्हटलं नाही तर उठून बोललाही. पुरुषांत गलका झाला. एक म्हातारा म्हणाला, "आन पोरगं न्हाई झालं तर वंश बुडवायचा व्हय?" दादा म्हणाला, "भावाचं पोर दत्तक घ्या. आन दोष बाईचाच हाय हे कुनी ठरवलं?" असं बोलायला त्या काळी आमच्या गावात हिंमत लागत होती. देवळाच्या पायरीवर बसून मी पदर तोंडात धरला आणि हसले. माझ्या बाजूच्या बायकाही हसल्या. कितीतरी महिन्यांनी मला पोटभर श्वास घेता आला.

मग हवालदारांनी विचारलं, "गप कवा बसलास?"

दादा म्हणाला, "ह्या खेपेला कुटंच न्हाई."

थोड्या दिवसांनी सासरे गाडी जुंपून आले. सासूबाईंनी पाठवलं नव्हतं, स्वतःहून आले. चहाचा कप हातात धरून ते माझ्याशी हळू आवाजात बोलले.

"पोरी, चल घरला. तू घरात आसलीस तर मला तिला आडवता येतंय. तू हितं बसलीस की मी काय बोलू? ती म्हनती, सूनच नांदाया येत न्हाई."

हे त्यांचं बोलणं अगदी खरं होतं. मी सासरी माझ्या जागी असते तर दुसरी आणणं जड गेलं असतं, कारण सासरे माझ्या बाजूचे होते आणि नवराही नाही म्हणायला निमित्तच शोधत होता. पण मला आता घमेंड चढली होती. माझ्या पाठीशी मुंबईची असेंब्ली होती.

"आता कायदाच आडवंल त्यास्नी, मामा," मी म्हणाले. "आत्याबाईंनी सोता न्यायला यावं. मंग येते."

सासरे दादाकडं वळले. "आवं पावणं, त्यो कायदा आमालाबी लागू हाय न्हवं?"

दादा गाडीच्या बैलांकडं बघत होता. म्हणाला, "कायदा झालाय, पावणं. सरकारचा कायदा हाय."

सासऱ्यांनी मान हलवली. त्यांचंही समाधान झालेलं दिसलं. जाताना ते मला म्हणाले, "बघ बाई, तुझं तू." गाडी वळणाआड जाईपर्यंत मी दारात उभी होते, आणि मनात एकच विचार होता की आता सासूबाई आल्या तर त्यांना पहिल्या दिवशी चहा द्यायचा की नाही.

सासूबाई आल्या नाहीत. शाळवाची मळणी चालू असताना आमच्याच गावातला एक गडी त्या बाजूच्या बाजाराला गेला होता, तो लग्नाचं जेवण जेवून आला. कोणाचं लग्न ते त्याला आधी ठाऊकही नव्हतं. बोलावलं म्हणून पंगतीला बसला, आणि नवरदेव बघितला तर तो माझा नवरा. त्यानंच आम्हाला सांगितलं की संस्थानच्या कचेरीतल्या कुठल्याशा कारकुनानं सासूबाईंच्या भावाला उमज दिली होती. तो कायदा ओढ्याच्या अलीकडचा. पलीकडं राजाची रयत, तिला तो लागत नाही.

मी खळ्यावरून तशीच घरी आले. दादा ओसरीवर काहीतरी लिहीत बसला होता. मी म्हटलं, "लगीन झालं त्यांचं."

त्यानं वर बघितलं आणि त्याच्या चेहऱ्यावर जे मला दिसायला हवं होतं ते दिसलं नाही. तो चकित झाला नाही.

"दादा, तुला ठाव हुतं?"

त्यानं लिहिलेला कागद पेटीत ठेवला. मग म्हणाला, "कायद्यावर बोलणं चाललं हुतं तवा एका म्हाताऱ्या मेंबरानं सांगिटलं हुतं. संस्थानी रयतेला लागू व्हनार न्हाई म्हनून."

"आन तू?"

"मी काय करनार? संस्थानचा कायदा आमी करू शकत न्हाई."

"ते न्हाई इचारत मी. हितं आलास तवा बोलला का न्हाईस?"

"तू हसत हुतीस," तो म्हणाला. "लय दिसांनी हसत हुतीस. आन मला वाटलं, त्या लोकास्नी तरी कुटं ठाव असनार हाय. कायदा झाला म्हटलं की भितील."

मला इतका संताप आला की हातातलं सूप मी भिंतीवर मारलं. ज्या माणसानं त्या ओढ्याच्या जिवावर आपला जीव वाचवला, ज्याला अंधारात पाय ओले झाले की कळायचं आपण सुटलो, त्याला ती हद्द विसरता येत नव्हती. तो विसरला नव्हताच. त्यानं फक्त ठरवलं होतं की बाकीचे विसरतील. आणि खरं सांगायचं तर त्याचा अंदाज अगदीच वेडगळ नव्हता. सासरे विसरले होते, नवरा विसरला होता, मीसुद्धा विसरले होते. एक कारकून मात्र विसरला नव्हता.

"मामा न्यायला आलं हुतं," मी म्हटलं. "त्या दिवशी तू खरं बोलला असतास तर मी गाडीत बसले असते."

त्यानं उठून भिंतीपाशी पडलेलं सूप उचललं आणि जागेवर ठेवलं. पुढच्या अधिवेशनानंतर तालमीपुढं हवालदारांनी नेहमीचा प्रश्न विचारला तेव्हा तो देवळाच्या पायऱ्यांकडं बघायला लागला. पण मी त्या दिवशी तिथं गेले नव्हते. वहिनीनं मला हे नंतर सांगितलं.

मी सासरी परत गेले. माहेरी सगळे राहा म्हणत होते, वहिनीही मनापासून म्हणत होती, पण कायमच्या राहिलेल्या बहिणीची माहेरात काय जागा असते ते मी इतरांच्या घरात बघितलं होतं. सासऱ्यांनी वेगळी चूल मांडून दिली. नवरा माझ्याकडं बघायचं टाळायचा. सवत सोळा-सतरा वर्षांची होती, अंगानं बारीक, कामाला चपळ. तिला कोणी विचारलं नव्हतं की तुला सवतीवर जायचंय का. पहिले काही महिने मी तिचा दुस्वास केला. मग तिला मुलगा झाला आणि बाळंतपणात तिचं सगळं मीच केलं, कारण सासूबाईंचे गुडघे धरले होते आणि दुसरं घरात कोणी नव्हतं. नंतर दुस्वास करायचा तर तो रोज नव्यानं उकरून काढावा लागायचा, आणि मला तेवढी सवड नसायची.

दरम्यान दादाचं नाव होत होतं. पेपरात यायचं की अमक्या चर्चेत भाग घेतला, अमका प्रश्न विचारला. बायकांच्या बाजूचा मेंबर म्हणून साताऱ्याला त्याचा सत्कार झाला, हार घातले. ते सगळं खरंच होतं. त्या कायद्यानं माझ्या माहेरच्या गावातल्याच दोघीतिघींचे संसार वाचले, त्यातली एक माझी बालमैत्रीण. ती मला भेटली की दादाला दुवा द्यायची. मी ऐकून घ्यायची. तिचं सुख मला टोचायचं, आणि टोचतं याची लाजही वाटायची.

मग स्वातंत्र्य आलं आणि मागोमाग संस्थानं विलीन झाली. राजाची कचेरी गेली, सासरचं गावही मुंबई इलाख्यात आलं. ओढा नुसता ओढा राहिला. त्या आठवड्यात दादा माझ्या सासरी आला. दुसऱ्या लग्नानंतर तो त्या घराची पायरी पहिल्यांदाच चढत होता. सासऱ्यांनी घोंगडं टाकलं. सवतीनं त्याच्यापुढं पाण्याचा तांब्या आणून ठेवला, तिच्या कडेवर पोर होतं. दादानं पोराकडं बघितलं, त्याच्या मुठीत रुपया ठेवला. मग तो माझ्याशी बोलला. त्याचा आवाज तालमीपुढं असायचा तसा लागला होता, आणि मला दिसत होतं की हे सांगण्यासाठी तो इतक्या लांबून उन्हातून चालत आलाय.

"आता आपला कायदा हिकडंबी लागू झाला," तो म्हणाला. "ह्या गावालाबी."

"म्हंजे आता त्यास्नी तिसरी करता यायची न्हाई," मी म्हटलं. "बरं झालं. आमा दोघींची काळजी मिटली."

सवत उंबऱ्यात उभी होती. तिला हसू आवरेना, तिनं पदर तोंडाला लावला. दादानं तांब्या उचलला, पण पाणी न पिता तसाच खाली ठेवला.