सरपंचबाईंच्या बंगल्याची मोजणी

माझं माहेर प्रवरेच्या काठावर, कोल्हारला. पाण्यासाठी माणसं एकमेकांशी बोलणं टाकतात, हे मला नोकरीला लागेपर्यंत खरंच ठाऊक नव्हतं. ग्रामसेविका म्हणून पाथर्डी तालुक्यात, तिसगावच्या पुढच्या एका गावात माझी नेमणूक झाली आणि पहिल्याच उन्हाळ्यात ते कळलं. आमच्याकडे ग्रामसेवकाला भाऊसाहेब म्हणतात. बाईला काय म्हणावं याचा गावाला बरेच दिवस उलगडा होईना. शेवटी ‘मॅडम’वर तडजोड झाली.

त्या वर्षी सरकारच्याच तिजोरीत खडखडाट होता. पंचायत समितीच्या बैठकीत साहेबांनी आम्हा सगळ्यांना स्पष्ट सांगितलं, “निधी येईल तेव्हा येईल. तोवर पाणीयोजना चालवायची तर घरपट्टी, पाणीपट्टी वसूल करा.” मी गावात परतले तर विहिरीवरच्या मोटरची वीज तोडून वायरमन निघून गेला होता. ग्रामपंचायतीचं बिल थकलं होतं.

दुसऱ्या दिवशी मी शिपायाला घेऊन वसुलीला निघाले. ऊसतोडीला गेलेली कुटुंबं नुकतीच परतली होती, दारादारांत गाठोडी अजून सुटायची होती. त्यांच्या वस्तीवरच्या एका बाईने माझा हात धरून मला नळापाशी नेलं आणि तोटी उघडली. थेंब नाही.

“पानी न्हाई तर पट्टी कशाची मागता, मॅडम?”

“पट्टी येत नाही म्हणून वीज तुटली. वीज नाही म्हणून पाणी नाही,” मी म्हणाले.

“मंग आदी आमीच द्यायची व्हय?” तिने डांबरी रस्त्याकडे हात केला. “आमच्या पत्र्याला जेवडी पट्टी, तेवडीच त्या माडीवाल्यांना. त्यांना इचारा की.”

ती बोलत होती ते सगळ्या गावाला दिसत होतं. रस्ता रुंद झाल्यापासून दोन्ही बाजूंना दुकानं, लॉज, मंगल कार्यालय उभं राहिलं होतं. पट्टी मात्र त्या जागी पूर्वी असलेल्या मातीच्या घरांचीच चालू होती. नव्याने आकारणी करायची मुदत कधीच उलटून गेली होती. माझ्या आधी कुणी तिला हात लावला नव्हता. रस्त्यावरचा सगळ्यात मोठा बंगला सरपंचांचा होता, खाली हॉटेल आणि वर राहणं.

सरपंच बाई होत्या. कारभार मात्र त्यांचे मालक बघायचे. मासिक सभेला तेच बाईंच्या शेजारी खुर्ची टाकून बसत आणि बाई पदर सावरून सह्या करत. त्या महिन्याच्या सभेत मी आकारणीचा विषय काढला तसे ते हसले.

“मॅडम, तुमी वसुली करा. मोजमापाच्या भानगडीत पडू नका. रस्त्यावरची मंडळी आपलीच हायेत.”

सदस्य खाली बघत होते. बदली होईल, दुसरं काय, असं मनाशी म्हणत मी पुढे बोलणार, तेवढ्यात त्यांच्या शेजारून आवाज आला.

“उद्या सकाळी फीत घेऊन या, मॅडम. आमच्या घरापासनं सुरू करा.”

सरपंचबाईंचा एवढा स्वच्छ आवाज मी प्रथमच ऐकला. मालक त्यांच्याकडे बघतच राहिले. “अगं, काय बोलतीस तू?”

“मी बी कोयता घेऊन कारखान्यावर गेलेय,” त्या म्हणाल्या. “सा-सा महिन्यांनी घरी यायचं आन् हंडा घेऊन लांब चालायचं, ते मला म्हाईत हाय. आपल्या घरी बोअर हाय म्हनून आपल्याला कळंना झालंय.”

मालक उठून बाहेर गेले.

सकाळी मी फीत घेऊन बंगल्यावर पोचले. फितीचं एक टोक सरपंचबाईंनीच धरलं. त्यांचे सासरे ओट्यावर बसून सगळं पाहत होते. मालक आधी आतच थांबले. मग हॉटेलाची लांबी घेताना बाहेर आले आणि पुढची पडवी धरायची नाही म्हणून वाद घालू लागले. नियम काय आहे ते मी समजावून सांगितलं. तसे ते वैतागून बायकोला म्हणाले, “आता मोजायचंच हाय तर नीट मोजा. माडीवरची खोली र्‍हायली ना!” शिपाई तोंड फिरवून हसला. जिना चढताना मलाही हसू आवरेना.

दुपारपर्यंत बातमी सगळ्या रस्त्यावर पसरली. तरी सगळं सुरळीत झालं असं नाही. लॉजवाल्याने फीत लावू द्यायला नकार दिला, मंगल कार्यालयवाल्याने हरकत घेतली. सुनावण्या झाल्या. एक-दोघांचं म्हणणं रास्त निघालं, त्यांची पट्टी कमी केली. पत्र्याच्या घरांचीही कमी झाली. नवी आकारणी लागू व्हायला वेळ होता, पण सरपंचांच्याच दाराला फीत लागलेली पाहिल्यावर लोकांनी जुनी थकबाकी भरायला सुरुवात केली. वस्तीतूनही माणसं आली. वायरमन वीज जोडून गेला त्या दिवशी सरपंचबाई स्वतः विहिरीवर उभ्या होत्या. “पयलं पानी वस्तीला सोडा,” एवढंच त्या म्हणाल्या.

सरकारचा निधी नंतर आला, तोही मागितला त्याच्या निम्माच. गावच्या आरोग्य उपकेंद्राची गळकी खोली तशीच राहिली. वरून पैसा येत नाही याची चीड मला आजही आहे. गावाने आपला वाटा दिला की वरच्यांची जबाबदारी संपते, असं मी मानत नाही. तसं मी बैठकांत बोलतेही.

पण त्यानंतरची ग्रामसभा मला आठवते. पूर्वी कोरमलाही माणसं जमत नसत. त्या दिवशी वस्तीवरच्या बायकांना त्यांच्या वाटेवर दिवे हवे होते आणि वेशीजवळच्यांना अंगणवाडीची भिंत. “आमीबी पट्टी भरलीय,” दोन्हीकडून आवाज चढत होते. कुणी कुणाचं ऐकेना. सरपंचबाई उभ्या राहून एकेकीला बोलायला लावत होत्या. मालक मागे भिंतीला टेकून बसले होते. मी इतिवृत्त लिहायचं विसरून त्या भांडणाकडे पाहत बसले. नोकरीत इतका आनंद मला क्वचितच झाला असेल.