सोमराचं सुतक

भिंगारहून निघालो तेव्हा ऊन कोवळं होतं, दादाची जीभ मात्र आधीच तापलेली. मी मस्कतहून सुट्टीवर आले होते आणि दादा-वहिनी मला भंडारदरा दाखवायला नेत होते. राहुरीच्या अलीकडे गाडी खड्ड्यात आदळून चाक बसलं. नगर-मनमाड रस्ता म्हटल्यावर त्याचं नवल नव्हतं. पंक्चर काढणारा बिहारचा निघाला. दादा त्याच्या समोरच म्हणाला, "जिकडं बघावं तिकडं हीच माणसं. नुसती भरून आलीत."

"मस्कतला मीसुद्धा 'हीच माणसं'तलीच आहे."

"तुझं वेगळं गं. तू शिकलेली."

आपला तो बाब्या, दुसऱ्याचं ते कार्टं! पण रस्ता लांबचा होता; मी खिडकीबाहेर पाहू लागले.

संगमनेर, अकोले मागे पडलं आणि डोंगर जवळ आले. राजूरच्या टपरीवर म्हाताऱ्या चहावाल्याने विचारलं, "कुठलं पाहुणं?" भिंगार म्हणताच "मंग घरचीच की!" म्हणून तो पैसेच घेईना. मन निवलं. भंडारदऱ्याला धरण काठोकाठ भरलेलं, पलीकडच्या उतारांवर भाताची हिरवी खाचरं. पाण्याकाठी दादाच्या ओळखीचे अण्णा तंबू लावतात, तिथे आम्ही उतरलो. शनिवार असल्याने मांडव गजबजला होता. काळभात (इकडचा काळ्या साळीचा वासाचा तांदूळ), कोंबडीचा झणझणीत रस्सा आणि चुलीवरची भाकरी. वाढपी आणि भाकऱ्या थापणारा माणूस एकच होता, झारखंडचा सोमरा.

मी हात धुवायला मागे गेले, तेव्हा तो चुलीपुढे होता. डोळे सुजलेले.

"धूर लागला का रे?"

"नाय ताई. बाप मेला. सकाळी फोन आला." त्याने भाकरी उलटली. "आई एकटी हाय. मला जायचा. अण्णा सोमवार बोलते."

माझे वडील गेले तेव्हा मी मस्कतला होते. नवरा वाळवंटातल्या साइटवर, विमानाचं तिकीट दुसऱ्या दिवसाचं. मी जिन्यातच बसून रडत होते. इमारत झाडणारे रफिकचाचा, बांगलादेशचे, त्यांनी झाडू भिंतीला लावला आणि नवरा येईपर्यंत माझ्या दाराबाहेर बसून राहिले. आपल्या खोलीतून डाळभात आणून त्यांनी मला चार घास खायला लावले. मी त्यांची कोण होते? आजही डाळभात कालवताना त्यांची आठवण येते.

मी तडक अण्णांकडे गेले. "त्याला सोडा. त्याचे वडील गेलेत."

"मला बी वाईट वाटतंय, ताई. पन आज शनिवार. ही ताटं कोन वाढील? अन् गेलेला मानूस काय माघारी येनार हाय का?"

पान खात खात बोलला हे! माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी दादाकडे पाहिलं, तर तो म्हणाला, "आपण जेवायला आलोय. कशाला मधे पडते?"

तेव्हा मला आमच्या लोकांचं एकच औषध आठवलं. मी मांडवाच्या मधोमध उभी राहिले, सोमराकडे बोट केलं आणि ओरडले, "या भाकऱ्या थापणाऱ्याला आज सुतक आहे! सकाळीच त्याचे वडील वारलेत!"

हात जागच्या जागी थांबले. एका आजीबाईंनी ताट लांब सारलं. "अगं बया! परवा आमच्या घरी सत्यनारायण हाय, अन् सुतक्याच्या हातचं खायाला घातलं?" बायका उठल्या, मग पुरुष. वहिनी पदर तोंडाला लावून नळाकडे धावली. सगळे अण्णांच्या अंगावर गेले. गेला कोण, कशाने गेला, एकानेही विचारलं नाही. माणूस मेल्याचं कुणाला काही नव्हतं, विटाळाचं सगळ्यांना होतं.

पण औषध लागू पडलं. मघाशी सोमवार म्हणणारे अण्णा आता स्वतःच जीप काढून सोमराला इगतपुरी स्टेशनला सोडायला निघाले. त्याची पिशवी त्यांनी लांबूनच मागच्या सीटवर फेकली.

मी जिंकले होते. जीपपाशी गेले, तर सोमरा खाली मान घालून उभा. सुतक हा शब्द त्याला ठाऊकच नव्हता. त्याने एवढंच पाहिलं होतं, की एक बाई त्याच्याकडे बोट दाखवून ओरडली आणि सगळे त्याच्यापासून लांब पळाले.

"ताई, माझा काय चुकला? भाकर खराब होता?"

"नाही रे. तुझं काहीच चुकलं नाही." मी त्याचे पिठाने भरलेले हात हातात घेतले. मागून वहिनी ओरडली, "वन्सं, शिवू नका!"

परतताना दादा खुशीत होता. "बघ, शेवटी सोडलंच ना त्याला? आपल्याकडं अजून माणुसकी आहे." मला दारातून उडी मारावीशी वाटली. मस्कतला परतले की जिन्यात रफिकचाचा हमखास विचारतील, मुलुख कसा आहे, माणसं कशी आहेत. त्यांना मी काय सांगू?

घरी पोचलो तर वहिनी आधी आत गेली आणि बादली घेऊन उंबऱ्यात उभी राहिली. "आधी अंघोळ करा, वन्सं. मग घरात या."

"अंघोळीने फिटणारं नाही ते," मी म्हटलं. "मला दहा दिवसांचं सुतक आहे."

तिचा चेहरा उतरला. "अगं बाई! कोण गेलं?"

"सोमराचे वडील," मी म्हणाले, आणि तशीच आत गेले.