द्याव्रूगौडाच्या टोप्या

मोरचूद प्लास्टिकच्या पिंपात कालवायचं, लोखंडाच्या नाही, हे द्याव्रूगौडानं मला दोनदा सांगितलं होतं. पण फवाऱ्याच्या मदतीला आलेला मी सिद्दापुरात बी.एस्सी. झालेला. लोखंडी पिंप मोठं दिसलं. मोरचूद, चुना, सगळं त्यातच ओतलं.

गौडानं कोयता बुडवून वर काढला. पातं तांबूस झालं होतं आणि औषधाचं दही.

"तम्मा, हे फवारलं तर रोगाच्या आधी घडच जळतील. कॉलेजात पिंपं शिकवत नाहीत?"

"परीक्षेला नव्हतं."

तो हसला नाही. तीस वर्षं दुसऱ्यांच्या पोफळींवर चढलेला माणूस. घरामागच्या ऐंशी पोफळी मात्र स्वतःच्या, यंदा पहिल्यांदाच लगडलेल्या. शेजारच्या बागेत कोळेरोगानं हिरव्या सुपाऱ्या कुजून गळायला लागल्या होत्या. दुसऱ्या फवाऱ्यासाठी एका सकाळची उघडीप मिळाली, ती माझ्या पिंपात बुडाली. दुपारी पाऊस परतला. ओल्या घडावर औषध ठरत नाही.

"आता काय, गौडा?"

"आता आईचं औषध."

त्याची आई पाऊस लागू नये म्हणून प्रत्येक घडाला टोपी बांधायची. फवारे आले नि टोप्या गेल्या. गौडानं माळ्यावरून पोफळीच्या विऱ्या, झावळ्यांच्या बुडाच्या रुंद वाळक्या साली, ओढल्या. बायको मादेवी ओरडली, "अहो, त्या पत्रावळवाल्याला कबूल केल्यात!"

"यंदा जेवू दे त्याला हातावर."

मी विऱ्या भिजवून वाकवायला बसलो. माझी पहिली भलीमोठी टोपी बघून गौडा म्हणाला, "ही कुणाची, तुझ्या सासऱ्याची?"

पायात दोरीचा फास अडकवून तो चढला. एकदा चढला की उतरत नाही. शेंडा झुलवून शेजारची पोफळ पकडतो. एकदा ओल्या खोडावरून हातभर घसरला. मी किंचाळलो.

वरून आवाज आला, "ओरडायचे पैसे नाहीत. टोप्या पाठव!"

कुजलेले घड त्यानं कापून खाली सोडले, मादेवीनं चुलीत घातले. "बागेत ठेवले तर रोग घरजावई होतो," ती म्हणाली.

तीन दिवस हेच. दसऱ्याला मोजलं, तेव्हा अकरा पोफळींचे घड गेले होते. बाकीच्यांचे टोपीखाली घट्ट होते.

मोरचूद मी दुसऱ्याच दिवशी भरून दिलं होतं. पण आमच्याकडे कामाची फेड कामानंच होते. गौडा म्हणाला, "माझ्या तीन दिवसांच्या बदल्यात तू एक पोफळ चढ. फिटलं."

आजवर मी छातीएवढा चढलोय. त्याच्या वरची पोफळ अजून देणं आहे.