गोजराचे तीन थेंब

ऋता नऊ वर्षांची झाली, पण आईला, सुनीतीला, कधी ‘आई’ म्हणाली नाही. मुंबईच्या डॉक्टरांनी ऑटिझम असं नाव सांगितलं. सुनीतीनं ते देवीच्या कानावर घातलं आणि पदर खोचून कामाला लागली.

रोज दहा वाजता दिवाळे गावची गोजरा कोळीण दारात पाटी उतरवायची, बोंबलांवर पाणी शिंपडायची आणि तीन थेंब ऋताच्या तळहातावर टाकायची. मग पोर मुकाट्यानं जेवायला बसायची. गुरुवारी मासळी घेत नसत, तरी गोजरा चुकायची नाही. तिच्या तोंडाकडे बघून ऋता हसायची. सुनीतीला ते हसू सुईसारखं टोचायचं. नऊ महिने वाहिलं कुणी, आणि हसू कुणाला!

चौऱ्याण्णव साली प्लेगची भीती पसरली. शाळा बंद, जो तो तोंडाला रुमाल बांधून. बेलापूरच्या त्यांच्या सोसायटीत सेक्रेटरी हौसेराव कागद फिरवू लागले, फेरीवाल्यांना आत बंदी. पहिली सही सुनीतीची. सुंठीवाचून खोकला गेला, ती मनात म्हणाली.

दुसऱ्या दिवशी दहाला ऋता हात पसरून दारात बसली. सुनीतीनं स्वतः तीन थेंब टाकले. ऋतानं हात फ्रॉकला पुसला आणि पुन्हा पसरला. ताट भिंतीवर गेलं. दोन दिवस घोटभर दुधाखेरीज पोटात काही नाही. मनगट चावून चावून पोरीनं निळं केलं.

तिसऱ्या दिवशी सुनीती गेटवर गेली. गोजरा बाहेर रस्त्याकडेला बसली होती.

“चल वर.”

“पयली सही तुजीच हाय म्हनं, वैनी. वॉचमन बोलला.”

“माझीच. पोर जेवत नाही गं.”

गोजरानं पाटी उचलली. हौसेराव आडवे आले. “वहिनी, नियम म्हणजे नियम.”

“मग तुम्ही येऊन भरवा तिला,” सुनीती म्हणाली. ते बाजूला झाले.

गोजराच्या तोंडावरचा रुमाल बघून ऋता किंचाळली. गोजरानं तो सोडला, पाटी उतरवली, थेंब टाकले. ऋतानं सगळा वरणभात संपवला.

“तुज्या हातचा भात गोड लागला तिला,” गोजरा म्हणाली.

तिनं अशी समजूत घालणंही सुनीतीला झोंबलं.

संध्याकाळी देवापुढे दिवा लावताना तिनं आधी गोजरासाठी आयुष्य मागितलं, मग ऋतासाठी. मागताना जिवावर आलं, तरी मागितलं.