दोन्ही टाचा मोडलेली माणसं

अकोल्याच्या एका सरकारी दवाखान्यात चंद्रभान बोचरे एकोणतीस वर्षांपासून प्लास्टर चढवतो आणि कापतो. मी त्याच इमारतीत आस्थापना शाखेत बसतो. पुढची हकिगत त्यानं मला जेवणाच्या सुट्टीत, तुकड्या-तुकड्यांनी सांगितली.

संत्र्याच्या शिडीवरून पडलेले, ट्रॅक्टरवरून घसरलेले, धारणीकडे जीपच्या टपावरून उडी मारलेले, सगळे त्याच्या टेबलावर येतात. "पाय हुशार असते," तो म्हणतो. जमीन येतेय हे कळताच पोटरी आधीच आवळते. पंजा टेकतो, घोटा वाकतो, मग गुडघा. तिघं धक्का वाटून घेतात आणि हाड वाचतं. घसरणाऱ्याला तेवढा वेळ मिळत नाही. तो हातावर, कुशीवर, कसाही पडतो. पण ज्याच्या दोन्ही टाचा एकदम फुटतात, तो बहुतेक उभाच, स्वतःला न सावरता, ताठ पायांनी खाली आलेला असतो.

"म्हणजे उडी?" मी विचारलं होतं.

"नक्की नाही सांगता येत, साहेब. तोच तं वांधा हाये."

२०१३च्या मार्चमध्ये पंचफुला आली. वय तेवीस. गच्चीवर कुरड्या घालताना घसरून खाली पडली, असं सासू म्हणाली. दोन्ही टाचांचा चुरा झाला होता आणि हाताला साधं खरचटलंही नव्हतं. चंद्रभानला ते दिसलं. प्लास्टर होईपर्यंत पंचफुला छताकडे पाहत होती. त्यानं काही विचारलं नाही. केसपेपरवर 'घसरून पडली' असं आधीच लिहिलेलं होतं, आणि केसपेपर लिहिणं त्याचं काम नव्हतं.

प्लास्टर निघाल्यावर त्यानंच तिला भिंत धरून चालवलं. पाऊस संपेपर्यंत ती चांगली चालू लागली. दिवाळीआधी तिच्या गावचा एक माणूस हात मोडून आला, तेव्हा चंद्रभाननं सहज चौकशी केली.

"पंचफुला? थे तं गेली. वावरातल्या विहिरीत. घरापासून दोन किलोमीटर हाये विहीर."

चंद्रभान मला तो आकडा आजही सांगतो. "तेवढं चालाले मीच शिकवलं तिले."

टाच मोडलेलं माणूस बरं झाल्यावरही पायाच्या बाहेरच्या कडेवर भार टाकतं. त्या पावलाचा आवाज वेगळा असतो. दुपारी ओपीडी संपली, की कॉरिडॉरमधून तो आवाज त्याला येऊ लागला. तो प्लास्टरच्या खोलीचं दार उघडायचा. कोणी नसायचं. पुढे त्यानं दार लावणंच सोडलं.

गेल्या वर्षी जानेवारीत खुशी आली, नवरा नितेश याच्याबरोबर. जिन्यावरून पडली, असं नितेश म्हणाला. दोन्ही टाचा फुटलेल्या. हात साफ.

चंद्रभाननं पट्टी पाण्यात बुडवली. "तुमी बाहेर बसा."

"मी पाय धरतो ना."

"पाय माझ्यापाशी राहू द्या. तुमी चाय पिऊन या."

कित्येक वर्षांनी त्यानं ते दार लावलं. मग विचारलं, "पोरी, घसरली का उडी घेतली?"

खुशीनं ओल्या पट्टीकडे पाहिलं. "किती दिवस राहते हे?"

"दीड-दोन महिने."

"जास्त नाही ठेवता येत का, मामा? पाय बांधून हायेत तवरक मायजवळ राहू देतीन."

प्लास्टर पूर्ण करून तो ओल्या हातांनीच डॉक्टरबाईंकडे गेला. त्या खुशीशी एकांतात बोलल्या, समाजसेविकेला बोलावलं. संध्याकाळी पातूरहून तिची आई माणिकबाई आली आणि लेकीला घेऊन गेली.

जाताना नितेश दारात थांबला. "तुमचं काम प्लास्टर लावाचं हाये."

"थेच केलं," चंद्रभान म्हणाला.

मार्चअखेर प्लास्टर निघालं. मे महिन्यापर्यंत खुशी आधाराशिवाय चालू लागली, आणि चंद्रभानची झोप गेली. अंथरुणातल्या खुशीची त्याला काळजी नव्हती. चालणाऱ्या खुशीची होती. सासरची माणसं समेटासाठी पातूरला खेटे घालत होती. तो दर सोमवारी माणिकबाईला फोन करायचा. ऑगस्टमध्ये लागोपाठ दोन सोमवार फोन बंद लागला. त्यानं अर्ध्या दिवसाची रजा टाकली.

पातूरच्या बसमध्ये जागा होती, तरी तो उभ्यानंच गेला. घर उघडं होतं, आत कोणी नव्हतं. तो तसाच घरातून मागच्या अंगणात गेला.

खुशी पायमशीनवर ब्लाऊज शिवत होती. पॅडलवर पंजा दाबला जात होता, मागून टाच दाबली जात होती. तो आधी तेवढंच पाहत राहिला.

"मामा? तुमी काहून आले?"

"टाचा पाहाले. फोन काहून बंद हाये?"

"मायच्या हातून पाण्यात पडला." तिनं पाय पुढे केला. "सकाळी ठणकते थोडंसं."

"दुखलं तं सांगजो. कदीबी."

"टाच का?"

"टाचबी," चंद्रभान म्हणाला. खुशीनं मशीनच्या चाकावर हात ठेवून ते थांबवलं. ती त्याच्याकडे पाहत राहिली, मग खाली पायांकडे.

"सांगीन," ती म्हणाली.